निसर्गातला देव आणि सोलकढीचं पातेलं

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे नेमकं काय करायचं असतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. बाबा कोकणातून एसी दुरुस्तीच्या कामावर मस्कतला आलेले. आम्ही मस्कतजवळच्या अल अमेरातला राहायचो. मी इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा बाबांच्या कंपनीतले लोक त्यांना म्हणाले, मुलीला अकाउंट्स द्या, इथे नोकरी तरी लागेल. बाबांनी मधला मार्ग काढला. एक सत्र बघायचं, नाही जमलं तर अकाउंट्स.

आणि जमत नव्हतंच. पहिल्या सेमिनारला मी उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. आमच्या बाई केरळच्या होत्या, मनाने फार चांगल्या. त्यांनी मला पुन्हा एक संधी दिली. विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतले दोन तऱ्हांचे लेखक. पहिले म्हणत, निसर्गात देव आहे, माणूस मुळात चांगला आहे, गर्दीतून बाजूला हो आणि स्वतःच्या मनाचं ऐक. दुसऱ्यांना हे पटत नसे. माणसाच्या आत काळोखही आहे, आणि निसर्गाला आपल्याशी काही देणंघेणं नाही, असं त्यांचं म्हणणं.

"गाइडमधलं सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "तुला काय वाटतं ते सांग."

इथेच माझी पंचाईत झाली. काय वाटायला हवं हे आमच्या घरी बाबा ठरवत, आणि बाबांना काय वाटायला हवं हे गावाहून मोठे काका फोनवर सांगत. मला पहिले लेखक आवडले होते, पण का, ते सांगता येईना. मग मी ठरवलं, शुक्रवारच्या सुट्टीत वादीत जाऊन एकटीने बसायचं. म्हणजे डोंगरातल्या त्या ओढ्यापाशी, जो एरवी जवळजवळ कोरडा असतो. त्या लेखकांना रानात सापडलं, तर मलाही काहीतरी सापडेल.

"एकट्यानच जावन थंय काय करतलंस गो?" आईने विचारलं.

"विचार."

"मगे उपाशी विचार करतलंस?"

तिने वड्यांचं पीठ भिजवायला घेतलं. वास शेजारी गेला. शेजारी वसईचे अंकल-आंटी राहत. आंटी दारात येऊन म्हणाली, "वादीला चाललात आणि आम्हाला सांगत नाय? मी फुगे तळते." वसईकडचे ते गोल, गोडसर फुगे मला फार आवडतात, त्यामुळे मी विरोध केला नाही. शुक्रवारी माझा एकांत दोन गाड्यांतून निघाला. चिकन सुकं, वडे, फुगे, चटया, आणि आईच्या मांडीवर सोलकढीचं मोठं पातेलं.

वाटेत मी बाबांना विषय समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या अमेरिकेतल्या माणसांका कामधंदो नव्हतो काय?"

गाड्या वर रस्त्याला ठेवून आम्ही खाली उतरलो. चटया पसरल्यावर मी एका मोठ्या खडकाआड जाऊन पाण्यात पाय सोडून बसले. देवाची वाट पाहिली. दगड तापलेला होता, मुंग्या होत्या, आणि पलीकडे अंकल मोठ्याने शिंकत होते. मग बारीक मासे आले आणि माझ्या टाचा टोचू लागले. इतक्या गुदगुल्या झाल्या की मी एकटीच हसत सुटले. सेमिनार, अकाउंट्स, काही आठवेना. किती वेळ गेला कळलं नाही.

"तुझा देव भेटला असेल तर त्यालाही घेऊन ये," आंटी ओरडली, "वडे गार होतात!"

मी उठले, तेवढ्यात वरच्या काठावरून एक म्हातारे ओमानी आजोबा दोन्ही हात हलवून ओरडू लागले, "वादी! वादी! यल्ला!" म्हणजे पाणी येतंय, चला, निघा. आमच्या डोक्यावर निळं आभाळ होतं. पण दूर डोंगरावर काळे ढग होते, आणि खडखड असा आवाज येत होता. आम्ही हाताला लागेल ते उचलून वर पळालो. मागे पाहिलं तर गढूळ पाण्याचा लोंढा वळणावरून आला आणि आम्ही बसलो होतो ती जागा दिसेनाशी झाली. पातेलं खालीच राहिलं होतं. ते एकदा गिरकी घेऊन तरंगलं, कलंडलं, क्षणभर पाण्यात गुलाबी रेघ उमटली, आणि गेलं.

मग बाबा मला म्हणाले, "तुझो देव आमची कढी घेवन गेलो."

आई आधी चिडली आणि मग सगळ्यांहून जास्त हसली. त्या ओमानी आजोबांनी आम्हाला खजूर आणि थर्मासमधला कहवा दिला, आईने त्यांना वडे दिले. पाणी उतरेपर्यंत आम्ही वरच्या दगडांवर बसून जेवलो. इतकी मजा मला मस्कतमध्ये कधी आली नव्हती.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मी वर्गासमोर उभी राहिले. तयार केलेलं पहिलं वाक्य आठवेना, म्हणून मी माशांपासून सुरुवात केली. मग लोंढा सांगितला. म्हटलं, मासे टोचत होते तेव्हा मला पहिल्या लेखकांचं खरं वाटलं. पाणी आलं तेव्हा दुसऱ्यांचं. त्या पाण्याला पातेलं आणि माणूस यांतला फरक माहीत नव्हता. पण आम्हाला हाक मारणारे ओमानी आजोबा या दोघांत कुठे बसवायचे, ते मला अजून कळत नाही. मला एवढंच वाटतं.

मला वाटलं, संपलं. इतक्यात मागच्या बाकावरच्या ओमानी मुलीने हात वर केला. "पातेलं मिळालं का?"

सगळे हसले, बाईसुद्धा. मग प्रश्नांवर प्रश्न आले, आणि मी उत्तरं देत राहिले. घंटा झाल्यावर बाई म्हणाल्या, "पुढच्या सत्रात कविता आहे. तू असशील ना?"

घरी आल्यावर बाबांना हे सांगितलं. "मगे अकाउंट्स ऱ्हवांदे," ते म्हणाले.

आई नवीन पातेलं घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पुढच्या खेपेक मात्र पातेला घरात ठेवन जावया."