मरप्पाची-राणीचा दुसरा जन्म

कनकाचित्ती आमच्या घरी आली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. चित्ती म्हणजे मावशी. चेन्नईत सावत्र आईलाही हेच म्हणतात. ती आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी कचेरीत कारकून. सामानात दोन पेट्या, शिलाई मशीन आणि एक मरप्पाची राणी; मरप्पाची म्हणजे लाकडी बाहुली.

आमच्याकडे लग्नात मुलीला माहेरून मरप्पाची राजा-राणीची जोडी देतात. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला की ती जोडी सर्वांत वर बसते. चित्तीच्या माहेरी घरं बदलताना तिच्या जोडीतला राजा हरवलेला. तिनं आईची जोडी वर ठेवली आणि आपली एकटी राणी सर्वांत खाली. आईचा मान राखायला केलं होतं तिनं. मी मात्र ठरवून टाकलं की या राणीनं काहीतरी वाईट केलंय.

संध्याकाळी शेजारणी कुंकवाला आल्या की मी गोष्ट सांगायची. दुष्ट राणीनं राजाला खाल्लं, आता राजकन्येला कोंडून रोज कारलं खायला लावते. बायका सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, खाता खाता चित्तीकडे बघत. विद्यालक्ष्मीमामीनं विचारलंच, "ही राणी कचेरीत पण जाते का गे?"

चित्ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "राणीचा आवाज मी काढू? तुझा फार बारीक आहे."

दुसऱ्या दिवसापासून कचेरीतून आली की तोंड धुऊन ती राणी व्हायची. घोगरा आवाज, एक भुवई वर. इतकी हळू चालू नकोस, असं मी सांगितलं की निमूट भराभर चालायची.

सातव्या दिवशी तंजावरहून अलकनंदाआजी आली, माझ्या आईची आई. गोष्ट कुणीतरी फोनवर तिच्यापर्यंत पोचवली होती. पोरीला घेऊन जाते, असं तिनं आप्पांना सांगितलं. चित्तीनं माझे फ्रॉक घड्या घालून पिशवीत भरले आणि एवढंच मागितलं, "दशमीपर्यंत राहू दे अम्मा. गोष्ट अर्धी आहे तिची."

नवमीच्या संध्याकाळी, आजी समोर बसलेली असताना, मी गोष्टीतल्या राणीला मारलं. चित्ती कोलूपुढं चटईवर आडवी झाली. बायका हसल्या. चित्ती हलेना. तिचा श्वाससुद्धा दिसेना.

मी तिचा पाय धरून हलवला. "ऊठ."

"मेलेली राणी कशी उठेल?" डोळे मिटूनच ती म्हणाली. "नवा जन्म घ्यावा लागेल."

"मग घे."

"कुठं घेऊ? तंजावरला?"

"नको. इथंच."

"कोण होऊ?"

"राणीच. थोडी दुष्ट चालेल."

"आणि काम काय माझं?"

मी विचार केला. "वेणी घालायची. शाळेत सोडायला यायचं. परत मरायचं नाही."

"कारलं?"

"आठवड्यातून एकदा."

चित्तीचे डोळे मिटलेलेच होते, पण पाणी कानाकडे ओघळत होतं.

एकदा मांडलेली बाहुली दशमीपर्यंत हलवायची नसते, हे मला आजीनंच शिकवलेलं. तीच आजी उठली, खालच्या पायरीवरची राणी उचलली आणि वर, आईच्या जोडीशेजारी नेऊन ठेवली.

"हिला खाली कशाला बसवलंस?" तिनं चित्तीला विचारलं.

"वरची जागा तुमच्या लेकीची, अम्मा."

"तिनं सरकून घेतलं असतं."

दशमीला पिशवीतले फ्रॉक परत कपाटात गेले. आप्पा एग्मोर स्टेशनवर आजीला गाडीत बसवून आले, एकटीला.

आता माझं लग्न ठरलंय. द्यायला म्हणून चित्तीनं आईची जोडी पुसून ठेवलीय. मी तिघंही नेणार म्हटलं, तर म्हणते, सासरचे विचारतील, एका राजाला दोन राण्या कशा?

"सांगेन, एकीनं मला जन्म दिला आणि दुसरीनं माझ्यासाठी घेतला."

चित्ती थोडा वेळ राणीचं नाक पुसत राहिली. मग जुन्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आज कारलं केलंय, राजकन्ये. पान मांड."