मोटारीच्या आतला लाल दोरा

कंपनीने सुभेदारांना फसवलं. आणि त्या फसवणुकीच्या कागदावर सही माझी आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही आधीच सांगून टाकते.

सांगलीतल्या एका हॉटेलचा एसी हॉल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांची बैठक. पन्नासेक पुरुष आणि मी एकटी बाई. कंपनी इलेक्ट्रिक माउंटन बाइक बनवते, म्हणजे जाड टायरची, बॅटरीवर डोंगर चढणारी सायकल. समोरच्या पडद्यावर त्या सायकलच्या मोटारीचा फोटो आला. भिंतीएवढा. झाकणावर सहा स्क्रू आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका.

ठिपके माझे होते.

सर्व्हिस मॅनेजर पुण्याचे. वयाने माझ्यापेक्षा लहान. हातात लाल उजेडाची ती छोटी बॅटरी. तिचा ठिपका त्यांनी माझ्या ठिपक्यांवरून फिरवला.

"हे काय आहे, ओळखेल का कुणी?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं.

"नेलपेंट. आपल्या साताऱ्याच्या ताईंनी मोटारीचा मेकअप केलाय."

हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "मेंदीबी काढायची की." परत हसले. पाणी देणारा वेटरही हसला. त्याला मोटार काय, ठिपका काय, काही माहीत नव्हतं. सगळे हसतायत म्हणून तो हसला.

मग माइक माझ्यापुढे आला.

"ताई, शिक्षण काय तुमचं?"

"दहावी."

"आयटीआय?"

"नाही."

"मग मोटार उघडायला शिकवलं कुणी?"

"वडिलांनी."

"ते काय करायचे?"

"पाण्याच्या मोटारी भरायचे."

ते हॉलकडे वळले. "बघा. विहिरीवरची मोटार आणि आपली मोटार, ह्यातला फरक न कळणारी माणसं आपण जोडून घेतली. चूक आपली आहे."

मी तोंडाची फटकळ आहे. तांब्याच्या तारेचा व्यापारी माझं दुकान दिसलं की आधी पाणी पितो, मग आत येतो. त्या दिवशी मी तोंड उघडेपर्यंत माइक पुढून काढून घेतला होता.

त्या ठिपक्यांबद्दल तिथे बोलू दिलं नाही, ते इथे सांगते.

माझे वडील कोरेगावात पत्र्याच्या खोलीत मोटारी भरायचे. उसाला पाणी देणारी मोटार जळली की शेतकरी ती मोटरसायकलवर बांधून आणायचा. वडील जळकी तार उपसून काढायचे, नवी तार खाचेत बसवायचे, वार्निश द्यायचे. उजव्या हाताचा अंगठा मशीनच्या पट्ट्यात जाऊन अर्धा गेलेला. म्हणून तारांच्या जुडीवर दोरा बांधताना गाठ डाव्या हाताने मारायचे. उलटी गाठ. माझी बोटं बारीक, खाचेत जाणारी, म्हणून भावाला सोडून मला शेजारी बसवलं. मी गाठ त्यांच्याकडे बघून शिकले, म्हणून माझीही गाठ उलटी.

"उघाडलंस न्हवं?" ते म्हणायचे. "मग खूण कर. काम चांगलं हू दे न्हायतर वाईट, आपल्या नावावर ऱ्हाऊ दे."

ती खूण म्हणजे आत लाल दोऱ्याची गाठ आणि बाहेर स्क्रूवर लाल ठिपका. ठिपक्याला मी नेलपेंट वापरते, कारण ते टणक वाळतं. माझ्यामागे कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तडकतो आणि मला कळतं. माझ्या नखांना ते कधी लागलं नाही. माझी नखं वार्निशने कायम पिवळी.

साताऱ्यात दुकान मी माझ्या हिमतीवर टाकलं. कासच्या रस्त्याला, यवतेश्वरला ह्या सायकली दिसायला लागल्या आणि दुरुस्तीला जवळपास माझ्याशिवाय कुणी नव्हतं. कंपनीचा माणूस स्वतः चालत आला. मी त्याला दोन तास उभं केलं. बोर्ड, टेबल, टेस्टिंगचं मशीन तुमच्या खर्चाने, पण टेबलावर पद्धत माझीच. सगळ्याला हो म्हणून तो गेला. घासाघीस कशी करायची ते मला कुणी शिकवू नये.

तरी फसले.

मेढ्याच्या वर डोंगरात एका वस्तीवर सुभेदार राहतात. फौजेत आयुष्य काढून परत आलेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वस्तीपासून खाली मेढ्यात यायचं, पेन्शनवाल्या सोबत्यांबरोबर चहा घ्यायचा, पेपर वाचायचा आणि कुणाची मदत न घेता परत वर जायचं, एवढ्यासाठी त्यांनी ही सायकल घेतली. घेताना मला म्हणाले होते, "गुडघा रिटायर झालाय ताई, मी न्हाई."

आठ महिन्यांनी पावसाळ्यात चढावर मोटार बंद पडली. वॉरंटी दोन वर्षांची. मी मॅनेजरना फोन लावला. ते म्हणाले, "उघडून बघा आणि फोटो टाका."

फोनवर म्हणाले. तांब्याची तार दोनदा वजन करून घेणारी बाई मी, आणि हे लेखी घेतलं नाही. माझी पहिली चूक ही.

उघडली. वायर जिथून आत जाते तिथली रबरी रिंग कारखान्यातच वाकडी बसवलेली. एका बाजूने चेपून तुटलेली. तिथून पाणी आत गेलेलं. तारेचा एक सांधा गंजून हिरवा पडलेला. मी मोटार वाळवली, सांधा नवा केला, तारांवर नवं आवरण चढवलं, लाल दोऱ्याने बांधली. प्रत्येक पायरीचा फोटो कंपनीला पाठवला. टेबलावर मोटार चालली. पण ती रिंग फक्त कंपनीकडे मिळते, आणि रिंगेशिवाय पुढच्या पावसात पुन्हा तेच होणार. म्हणून झाकण लावून, ठिपके देऊन मोटार पुण्याला पाठवली. सोबत चिठ्ठी: चूक कारखान्याची आहे, रिंग बदला किंवा मोटार बदला.

त्याचं उत्तर सांगलीच्या पडद्यावर मिळालं.

हसून झाल्यावर त्यांनी एक कागद पुढे ठेवला. इंग्रजीत होता. सर्व्हिस सेंटरने चुकीच्या पद्धतीने उघडल्यामुळे मोटार निकामी झाली, वॉरंटी लागू नाही.

"सही करा, म्हणजे विषय संपला. सेंटर चालू राहील."

"आणि मोटार?"

"भंगार होती ती. नष्ट केली."

मला इंग्रजी वाचता येत नाही असं त्यांना वाटलं असेल. मला येतं. हळू येतं, पण येतं. मी ते दोनदा वाचलं. खोटं आहे हे कळून वाचलं. पन्नास माणसं जेवणाला खोळंबली होती आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. ते डोळे हटावेत म्हणून मी सही केली. बोर्ड जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगते, भीतीपेक्षा लाज मोठी होती. ज्यांनी लाजवलं त्यांनीच पेन दिलं, आणि मी ते घेतलं.

सुभेदार दुकानात आले. कागदाची प्रत त्यांना पोस्टाने गेली होती. काठी टेकत ते पायरी चढले, कागद टेबलावर ठेवला.

"ही सही तुमची हाय?"

"आहे."

"आन हे लिवलंय ते खरं हाय?"

"नाही."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

"मी माझ्या खर्चाने दुसरी मोटार घालून देते," मी म्हटलं.

"मोटार नगं. कंपनी चुकली, येवढा कागद पायजे हुता मला. तुमी त्येच्या उलटा दिलासा."

काठी टेकत उतरले. स्टँडपर्यंत चालत गेले. पुढे एकदा मेढ्याच्या रस्त्यावर पुतण्याच्या जीपमध्ये दिसले. मागच्या बाजूला, खताच्या पोत्यांमध्ये बसलेले. पोत्यांबरोबर वर निघाले होते. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली.

त्यानंतर मी कंपनीचं ऐकून काम करायला लागले. काही उघडायचं नाही. खोकं आलं की जुनं काढायचं, नवं बसवायचं. अशीच औंधच्या एका शिक्षकांची सायकल आली. त्यांची मोटार कंपनीने वॉरंटीत बदलून दिली. सीलबंद खोकं, वर 'नवीन' असं लेबल, आत तपासणीची चिठ्ठी, चिठ्ठीवर मॅनेजरची सही. न उघडता मी ती मोटार बसवून दिली.

बाराव्या दिवशी सर सायकल टेम्पोत घालून घेऊन आले. "यमाईच्या डोंगरावर जाऊन आलो, सायकल धुतली, आणि बंद. नवी मोटार आहे हो ही."

मी खाली वाकून बघितलं. स्क्रू स्वच्छ होते. जरा जास्तच स्वच्छ. थिनरने पुसलेले. पण एका स्क्रूच्या खाचेत, सुईच्या टोकाएवढा, लाल रंग राहिला होता.

मी सरांना म्हटलं, "तुमचा मोबाइल काढा. मी हे उघडणार आहे. पहिल्यापासून शूटिंग करा, आणि माझा चेहरा पण येऊ द्या."

झाकण निघालं. आत लाल दोरा. उलटी गाठ.

सुभेदारांची मोटार. भंगारात गेलेली, नष्ट केलेली, मी बिघडवलेली. माझ्याच सांध्यावर चाललेली. नंबरचं लेबल तेवढं बदललं होतं. रिंगसुद्धा तीच, वाकडी, चेपलेली. ती बदलण्याचीही तसदी कुणी घेतली नव्हती. बाहेरचे ठिपके पुसले आणि आत बघितलंच नाही. आत हात घालणं हलक्या माणसांचं काम ना. पाण्याच्या मोटारी भरणाऱ्यांचं.

मी मॅनेजरना फोन केला. सर समोर होते, फोन स्पीकरवर.

"सुभेदारांची मोटार माझ्या टेबलावर आहे."

"ताई, तुम्ही परत उघडली?"

"दोरा माझा आहे. तुम्हाला पाठवलेल्या फोटोत पण आहे."

"अहो, दोरा कुणीही बांधतं."

"ही गाठ नाही बांधत."

मग आवाज मऊ झाला. "कसंय ताई, चांगले पार्ट आपण परत वापरतो. पॉलिसी असते. तुम्ही समजूतदार आहात. सांगलीचं सेंटर पण रिकामंच आहे, तुमचा विचार करता येईल."

आयुष्यभर समोरच्याने पहिला आकडा टाकला की मी दुसरा टाकत आले. त्या दिवशी टाकला नाही. फोन ठेवला, स्टूल घेतलं आणि कंपनीचा बोर्ड स्वतः उतरवला.

दुसऱ्या दिवशी मेढ्याला गेले, तिथून वस्तीपर्यंत पायी. मराठीत एक कागद लिहून नेला होता: सांगलीत केलेली माझी सही खोट्या मजकुरावर होती, ते मला तेव्हाच माहीत होतं. सुभेदारांनी चष्मा लावून वाचला.

"लय उशीर केलासा."

"केला."

"मी तक्रार करणार हाय, ग्राहक मंचात. तुमचंबी नाव घालणार त्यात."

"घाला."

"सोडणार न्हाई म्हंजी तुमाला."

"सोडू नका."

त्यांनी बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. मी त्याची अपेक्षाही केली नव्हती.

तक्रार साताऱ्यात दाखल झाली आहे. सामनेवाला क्रमांक एक कंपनी. क्रमांक दोन मी. मोटार, दोरा, फोटो, सरांचं शूटिंग, सगळं जोडलंय. माझ्या सहीचं उत्तर मी उभी राहून देणार. जी शिक्षा होईल ती घेणार. दुकान चालू आहे, बोर्ड माझ्या नावाचा आहे, आणि आता जी मोटार उघडते तिच्यावर ठिपका देते. आधीपेक्षा मोठा.

पण त्या खोक्यात एक चिठ्ठी होती. 'तपासली, नवीन.' खाली सही. ज्या हाताने पन्नास माणसांत माझ्या ठिपक्यांवर उजेड फिरवला, त्याच हाताची.

नष्ट केलेली मोटार नवी म्हणून कुणी पाठवली? साहेब, माझी सही मी मान्य केली. आता तुमची मान्य करा. त्याच हॉलमध्ये, त्याच पन्नास माणसांसमोर, माइक हातात घेऊन.