कापूस वेचणारी बाई

पुण्यातला कोर्स संपवून मी सेलूला परत आले तेव्हा घरी वाटलं, चार-आठ दिवसांसाठी आलीये. मलाही तसंच वाटत होतं. कामाचे नमुने सगळीकडे पाठवले होते. कुठून तरी बोलावणं येईल आणि जाऊ. त्या आठ दिवसांचं वर्ष झालं.

मला गेममधली माणसं बनवायची होती. खेळणारा ज्यांना पळवतो, लढवतो, ती. त्यांचे चेहरे, हात, कपडे कंप्युटरवर घडवायचे. हे कुणाला समजावून सांगणं अवघड. "म्हणजे दिवसभर गेमच खेळायचा का?" शेजारच्या काकू विचारायच्या. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. तिथं कुणी चौकशी केली की सांगायचे, "कंप्युटरचं हाय, चालू हाय तिचं." घरी मात्र तलाठी भरतीची जाहिरात कापून माझ्या टेबलावर ठेवायचे, एक शब्द न बोलता. मीही न बोलता ती वहीत सारायचे.

बहुतेक कंपन्या उत्तरच द्यायच्या नाहीत. जी उत्तरं यायची ती सारखीच असायची: काम आवडलं, पण अनुभव हवा. पुढे पुढे मी मेल उघडण्याआधी उठून तोंड धुवून यायला लागले.

आई घरीच ब्लाऊज शिवायची. तिचं मशीन खिडकीपाशी, माझं टेबल समोरच्या भिंतीला. दिवसभर आम्ही एकमेकींकडे पाठ करून काम करायचो. मशीनचा आवाज मध्येच थांबला की मी ओळखायचे, ती माझ्या पडद्याकडे बघायलीये.

हिवाळ्यात पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओनं मला टेस्ट पाठवली. खेड्यात घडणारा गेम होता. त्यातली एक बाई करायची होती, कापूस वेचणारी. मुदत आठवडाभर. मला इतका आनंद झाला! जिनिंगच्या वासात वाढलेली मी, मला कापूस काय अवघड? नेटवरचे फोटो गोळा केले आणि चौथ्या दिवशी बाई उभी केली. हिरवी साडी, वाऱ्यावर उडणारा पदर, डोक्यावर टोपली.

मशीन थांबलं.

"ही कुठं निघाली?" आईनं विचारलं.

"कापूस वेचायला."

"अशी? मला वाटलं लग्नाला चालली." ती जवळ आली. "कापसाच्या पऱ्हाटीत पदर असा सोडला तर फाटंल की. आन हात उघडे. लय टोचतंय गं बोंड, सगळे हात वरबाडतेत."

"तुला काय माहीत?"

"मी वेचलाय की. लग्न होईस्तोर दरसाल."

मशीनवर बसलेली आईच मला माहीत होती. त्याआधी ती कुठं होती, काय करत होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तिनं दोरीवरचा बाबांचा जुना शर्ट काढला, साडीवरून घातला, बटणं लावली. पदर डोक्याला घट्ट गुंडाळला. जुन्या चादरीची कमरेला ओटी बांधली आणि कापडाच्या चिंध्या तिच्यात भरल्या. मग खोलीच्या मधोमध उभी राहून, समोर काहीच नसताना, वेचायला लागली. दोन्ही हात वेगवेगळे चालत होते, भराभर, आणि नजर हातांच्या पुढे.

"एका हातानं वेचणारी मागं राहती," ती म्हणाली. "आन ओटी भरली की माणूस म्होरं न्हाई, मागं कलतंय. हे बघ असं."

मी फोटो काढले. नंतर फोन खाली ठेवला आणि नुसतीच बघत बसले.

"किती बघायलीस माझ्याकडं," म्हणून ती लाजली आणि शर्टाची बटणं काढायला लागली.

उरलेल्या तीन दिवसांत मी सगळं नव्यानं केलं. आई मागून सांगायची. "शर्ट गड्याचा हाय. खांद्याची शिलाई हिच्या दंडावर उतरंल. खांद्यावर नको घेऊ." मी शिलाई खाली घेतली, आणि पडद्यावरच्या त्या बाईनं तो शर्ट खरोखरच नवऱ्याकडून मागून घातल्यासारखा दिसायला लागला.

स्टुडिओनं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

मी आईला सांगितलं तेव्हा ती हूक लावत होती. "बाईत काय चुकलं म्हणले?"

"काही नाही. बाई चांगली झाली म्हणाले."

तिनं दातानं दोरा तोडला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. "तिला एकदा फिरीव बरं." मी बाई सावकाश फिरवली. पाठ, ओटी, पुन्हा चेहरा. मला रडू येत होतं. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, पण बघत राहिली पडद्याकडेच.

त्या आठवड्यात मी तलाठ्याचा फॉर्म भरला. बाबांना सांगितलं तर ते खूश व्हायच्या ऐवजी म्हणाले, "ते कंप्युटरचं बंद करू नको पण." अभ्यास सुरू केला. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना त्याच स्टुडिओतून फोन आला. त्यांचा एक माणूस सोडून गेला होता. बोलणाऱ्या बाईंनी सगळ्यात आधी विचारलं, "ती दंडावर उतरलेली शिलाई तुला कशी सुचली?"

"आई शिवते," मी म्हणाले.

"सहा महिन्यांसाठी येशील?" त्यांनी विचारलं.

पुण्यात पहिले दोन महिने त्यांनी मला माणूस करायला दिलाच नाही. नदीकाठचे, बांधावरचे, पारावरचे नुसते दगड करायला दिले. मी हिरमुसून आईला फोन केला. ती हसली नाही. "लोक बसतेत ना, तो दगड मधी गुळगुळीत होतोय बघ," म्हणाली. "आन कडंला खरबडीतच ऱ्हातोय."

दुसऱ्या दिवशी मी तसा एक केला.