माझं मशीन लातूरला गेलं

काल शिलाई मशीनला तेल घालताना तो वास आला आणि उस्मानाबादच्या जिल्हा परिषदेतलं माझं टायपिंगचं मशीन आठवलं.

जिल्हा फुटून लातूर वेगळा झाला, तेव्हा दुष्काळ होता. ज्यांचं घर नव्या जिल्ह्यात, त्यांना लातूरच्या नव्या परिषदेत जायला मिळालं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सुलभाचं सासर अहमदपूरकडचं, म्हणून ती निघाली. माझं नुसतं माहेर तिकडं. ते कोण विचारतं?

सामानाचीही वाटणी झाली आणि शिपायांनी माझं मशीन लातूरच्या ट्रकवर चढवलं.

"सायबांनी मला हेच दिलंय गं. तुला राग न्हाई ना?" सुलभा म्हणाली.

"मला कशाचा राग? ने की," मी म्हणाले. ट्रक फाटकाबाहेर जाईपर्यंत तिच्याकडं पाहिलं नाही.

उन्हाळ्यात माहेरी गेले, तर गावात टँकर सुरू झाला होता. आई म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीनं टँकरचा हुकूम टाइप करून त्याच दिवशी सही घेतली म्हणं. लई पुण्य लागंल तिला."

मी टँकरचं पाणी प्यायले. आज आई नाही, सुलभाही नाही. राग मशीनचा नव्हताच, हे आता कळतं. माझ्या आईच्या पाण्याचा तो हुकूम माझ्या बोटांनी उमटायला हवा होता.