न सापडलेल्या कणाचा सत्कार

रहाटणीत फ्लेक्स लागला नाही तर ती गोष्ट घडलीच नाही, असं धरतात. वाढदिवस, नेमणूक, नवी गाडी, सगळं आधी चौकात टांगलं जातं. त्यामुळे उत्कर्षाचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकात छापून आला, तेव्हा रंगरावकाकांना दम धरवेना. काकांचा धंदा प्लॉटिंगचा. निबंध एका नव्या कणाविषयी आहे, एवढंच पुतणीने सांगितलं होतं. लगेच बोर्ड लागला: ‘नवीन कणाचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांच्या रांगा, बरेचसे गॉगल घातलेले. उत्कर्षाचा फोटो काकांच्या फोटोहून थोडा लहान होता.

कण सापडलाच नव्हता. तिने तो कल्पिला होता. न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात आणि वाटेतच एका प्रकाराचा दुसरा होतो. असं का, हे प्रस्थापित सिद्धांताला सांगता येत नाही. दुसरीकडे मेसॉन नावाचा अल्पायुषी कण फुटतो, त्यातून इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन जवळपास सारखेच निघायला हवेत. पण प्रयोगात म्यूऑन कमी भरत होते. दोन्ही दुखण्यांवर एकच औषध म्हणून उत्कर्षाने सिद्धांतात एक जड कण घातला आणि चार वर्षं त्या गणितात घालवली. आलेली स्थळं परत गेली. भावकीत कुणी काही बोललं की तिची आई जयमाला म्हणायची, “ती काय करती ते तिला ठाऊक हाय. तुमी चहा घ्या.”

सत्कार दोन दिवसांवर आला आणि बातमी आली. प्रयोगवाल्यांनी मोजणी नव्याने तपासली होती. दुसरेच काही कण इलेक्ट्रॉन समजून मोजले गेले होते. ते वगळल्यावर दोन्ही बाजू सारख्या भरल्या. मेसॉनचं दुखणं मुळात नव्हतंच. उत्कर्षाने ते दोनदा वाचलं, लॅपटॉप मिटला आणि काकांकडे गेली.

“काका, बोर्ड काढा. असला कण नाहीये.”

“अगं, मांडव पडलाय, पाव्हण्यांना सांगून झालंय,” काका म्हणाले. “आता काय काढतीस? दोन शब्द बोल न् बस खाली.”

तिला राग आला. खोट्या कामाची शाल ती अंगावर घेणार नव्हती. माइकवरूनच सांगून टाकायचं तिने ठरवलं.

रविवारी देवळासमोरच्या मांडवात फेटे, ढोल, सगळं यथासांग झालं. उत्कर्षा उभी राहिली आणि शुद्ध मराठीत स्पष्ट बोलली: मी कुठलाही कण शोधलेला नाही. मी एक अंदाज मांडला होता. त्यातला निम्मा या आठवड्यात चुकीचा ठरला. न्यूट्रिनोचा प्रश्न आहे तिथेच आहे. हा सत्कार मला घेता येणार नाही.

मग काकांनी माइक ओढून घेतला.

“बघा मंडळी! एवढं करून पोरगी म्हणती, म्या काय बी केलं न्हाई! ह्याला म्हणत्यात संस्कार!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला. इतकं खरं बोलूनही कुणी ऐकलं नव्हतं. ती फोटोला उभी राहिली, कारण त्या गर्दीतून बाहेर पडायला वाटच नव्हती. बायका येऊन हात हातात घेत होत्या, नातवंडांना पाया पडायला लावत होत्या. ती सगळ्यांना हसून नमस्कार करत राहिली.

जयमाला मागच्या खुर्चीवर बसून होती. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. गर्दी जेवणाकडे वळल्यावर ती लेकीजवळ आली.

“तू म्हणालीस ते खरं व्हय? चार वर्सांचं गेलं?”

“निम्मं गेलं.”

जयमालाने तिच्या खांद्यावरची शाल उतरवून घडी घातली आणि काखेत धरली.

“लई वाईट झालं गं,” ती म्हणाली.

एवढं ऐकायला उत्कर्षा दोन दिवस थांबली होती. आईच्या खांद्यावर डोकं टेकून, भर मांडवात, ती रडली.