बाजूला बसायचे दिवस

भोंगवलीच्या आमच्या घरात पाळीची चटई वेगळी, तांब्याही वेगळा. त्या चटईवरून मी आईशी लई भांडलेय. "शिवलं तर काय मरशील का?" मी म्हणायचे. आई ऐकून न ऐकल्यासारखं करून लांबूनच ताट सरकवायची.

बारावीत असताना माझ्या गळ्याला गाठ आली, ती कॅन्सरची निघाली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं, की औषधं कडक आहेत, केमोनं अंडाशयं कायमची बंद पडू शकतात. आधीपासून दर महिन्याला एक इंजेक्शन दिलं, तर ती झोपून राहतात, मार कमी बसतो. तेवढे महिने पाळी थांबेल. पण नंतर ती परत येण्याची, पुढं मूल होण्याची आशा वाढेल.

आईच्या डोक्यात एवढंच शिरलं, पाळी थांबेल.

"न्हाई बाई," तिनं हात जोडले. "पोरीचं तेवढं एकच धड चाललंय, ते तरी ऱ्हाऊ द्या."

"आई, मला घ्यायचंय," मी म्हणाले. पण माझं वय कमी, सही आईबापांची. वडील "बायकांचं तुमी बघा" म्हणून बाहेर जाऊन उभे राहिले. अस्सा संताप आला होता! डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगून पाहिलं. आई हलली नाही. केमो सुरू झाली आणि इंजेक्शनची वेळ निघून गेली.

मी वाचले. केस आले, भोरला कॉलेज सुरू झालं. पाळी काही आली नाही. इंजेक्शन घेऊनही आलीच असती असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनीच आईला सांगितलं. पण आपण काय नाकारलं ते तोवर आईला उमगलं होतं, आणि तिचं जेवणच तुटलं. दर महिन्याला ती चटई उन्हात टाकायची, झटकून कोपऱ्यात अंथरायची आणि विचारायची, "आली का गं?"

एकदा मी ओरडले, "नाही येणार आता! किती वेळा सांगू?" ती चटई गुंडाळायला लागली. मला बघवेना.

गेल्या महिन्यात तिनं परत विचारलं. मी म्हणाले, "आली."

"देवा, पावलास रं बाबा!" म्हणत आई रडली, मग शिरा करून आणला. जिनं मला या दिवसांत कधी बोट लावलं नाही, तिनं त्या चटईवर येऊन मला पोटाशी धरलं.

मी शिरा खाल्ला. आता पुढच्या महिन्यातही बसावं लागणार आहे.