वाकू नको पोट्टे

त्या मालिकेतल्या इन्स्पेक्टर बाईला आई नव्हती. निदान पडद्यावर तरी कधी दिसली नाही. लाच खाणाऱ्या वरिष्ठांशी ती एकटीच भांडायची, एकटीच घरी यायची आणि फ्रिज उघडून उभ्याउभ्या पाणी प्यायची. रायपुरातल्या तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेक आणि मी सोफ्यावर मांडी घालून तिला बघायचो, तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही. तेव्हा लेक शेजारी होती ना!

नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यातून येईपर्यंत टीव्ही आमचाच असायचा. मोठे साहेब त्या बाईला धमकावू लागले, की मी मुरमुऱ्यांची वाटी आपटून ओरडायची, "वाकू नको पोट्टे! कोणी काही करत नाही तुले!"

लेक हसायची. "मम्मी, वो टीवी में है, सुन नहीं रही."

मी मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीतच झाली होती. तिच्या तोंडून धड एक मराठी वाक्य ऐकावं म्हणून मी किती डोकं फोडलं. "नागपूरची आजी काय म्हणन?" असं विचारलं, तर म्हणे, "उनको हिंदी आती है." पालथ्या घड्यावर पाणी.

टीव्हीतली ऐकत नव्हती, पण सोफ्यावरची ऐकत होती. परीक्षा देऊन ती सब-इन्स्पेक्टर झाली आणि तिला बस्तरकडचं एक ठाणं मिळालं. मालिकेचा पुढचा सीझन मी एकटीनंच लावला. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की या बाईला जेवलीस का म्हणून विचारणारं घरात कुणीच नाही. लिहिणाऱ्याचा असा राग आला! मग वाटलं, त्याला तरी काय बोलायचं? आई दाखवली असती तर मालिका तिथंच संपली असती. कोणती आई पोरीला एवढ्या भानगडीत पडू देईल?

यंदाच्या उन्हाळ्यात लेकीची बदली रायपूरला होणार, असं जवळजवळ ठरलं होतं. मी तिच्या खोलीतल्या कूलरची खस बदलून घेतली, सदर बाजारातून पडद्यांचं कापड आणलं. नवरा म्हणाला, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. ऑर्डर तर येऊ दे." मी म्हटलं, "तुम्ही चूप बसा."

एका दुपारी तिचा फोन आला. "मम्मी," ती हळूच म्हणाली, आणि पुढचं सगळं मराठीत बोलली. अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत. मी आधी सुखावलेच. मग कळलं. तिच्या आजूबाजूला ठाण्यातली माणसं बसली होती आणि त्यांच्यातल्या कुणालाच मराठी येत नव्हती.

"साहेब म्हणून राहिले, केसमधून एका पोट्ट्याचं नाव काढ. मोठ्या घरचा आहे. काढलं तर रायपूर देतो. नाही तर आणखी आत जंगलात पाठवतो. मी काय करू?"

मी कूलरकडे बघत राहिले. काढून टाक नाव आणि घरी ये, एवढंच मला म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"मम्मी, तू टीव्हीसमोर म्हणायची ना, ते म्हण ना एकदा."

मी म्हटलं. वाकू नको पोट्टे. कोणी काही करत नाही तुले, हे मात्र मला म्हणवलं नाही.

महिनाभरात ऑर्डर आली. रायपूरची नव्हती. तिच्या खोलीत नवे पडदे लागलेत, कूलर कोरडाच आहे. पोरीची इतकी आठवण येते, की भाजी घेतानाही तिच्या आवडीची हातात येते. तिथं फोनला रेंज मिळेल तेव्हा ती बोलते. जन्मभर जिच्या तोंडून मराठी ऐकायला मी तरसले, तिचा फोन वाजला की आता देवाजवळ एकच मागते. पोरगी हिंदीत बोलू दे.